परकी चाल, आपले शब्द

शाळेच्या नोकरींत आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतील बहुतेक आम्ही विसरलों आहों, आणि विद्यार्थीहि विसरले असावेत. एक चूक मात्र मनांत घर करून बसली आहे. कारण ती चूक होती एवढें कळावयासच आम्हांला पंचवीस वर्षें लागलीं.

१९९४ सालची गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या आरंभीं ईशस्तवन कोणी व कोणतें म्हणावें हें ठरविण्याचें काम संस्कृतचा शिक्षक म्हणून आमच्याकडे असे. त्या वर्षीं नववींतील एक मुलगी स्वतः रचलेलें शारदास्तवन घेऊन आली. मॅट्रिकपुढें आमचें स्वतःचें शिक्षण गेलें नाहीं, परंतु संस्कृत पाठशाळेंत पक्कें झालेलें. त्यामुळें वही हातीं घेतली कीं डोळे आधीं चुकाच शोधतात. येथें संधि निर्दोष, विभक्ति निर्दोष. दुसऱ्या ओळींत एका विशेषणाचें लिंग तेवढें चुकलें होतें, तें आम्हीं तांबड्या शाईनें स्त्रीलिंगी करून दिलें. चौदा वर्षांच्या मुलीनें एवढें करावें याचा मनांतून फार संतोष वाटला. मग ती म्हणाली, "सर, मीं चालहि लावली आहे," आणि गाऊं लागली. इंग्रजी बालवर्गांत चांदणीचें जें गाणें मुलांकडून घोकून घेतात, त्याचीच ती चाल!

दुसऱ्या ओळींत ती जराशी अडखळली, आणि तेवढीच संधि साधून आम्हीं तिला थांबविलें. देववाणी ही काय बालवाडींतली पोपटपंची आहे, भूपांत बसव, भैरवींत बसव, नाहीं तर नुसतें वाचून दाखव, असें कांहींसें बोललों. वर्ग हंसला. आमच्या बोलण्यास वर्ग हंसला कीं आम्हांला बरें वाटत असे, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे. मुलगी वही मिटून जागेवर जाऊन बसली. संमेलनांत नेहमींचें ईशस्तवन नेहमींच्या मुलींनीं म्हटलें. पुढें दहावीस तिला संस्कृतांत उत्तम गुण मिळाले. परंतु कॉलेजांत तिनें तो विषय घेतला नाहीं, आणि तिनें पुन्हां कांहीं रचल्याचेंहि आमच्या कानीं आलें नाहीं.

यानंतरची हकीकत २०१९ च्या डिसेंबरांतील. आमच्या कन्येचें बिऱ्हाड त्या वेळीं चेन्नईस मैलापुरांत होतें. हा तिकडचा मार्गळी महिना. त्या दिवसांत सभागृहांतून सकाळपासून रात्रीपर्यंत गायन चालतें, आणि रसिक एका सभेंतून दुसरींत, मधल्या वेळांत तेथल्याच उपाहारगृहांत इडली-कॉफी घेत, खुशाल दिवस काढतात. आम्हांला कर्नाटकी संगीताचें ज्ञान नव्हतें. आजहि आहे असें म्हणवत नाहीं. एका सकाळीं गॅलरींत उभे असतां शेजारच्या बिऱ्हाडांतून सातआठ मुलांचा आवाज आला. चाल तीच, चांदणीची! आणि शब्द? कान टवकारून ऐकलें तों शुद्ध संस्कृत. 'श्यामळे मीनाक्षि' अशी देवीला हाक. आमच्या हातांतील पेला तसाच राहिला.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईंना मामी म्हणतात. हें संबोधन आम्हांला फार आवडलें. आम्हांला तमिळ येत नाहीं, त्यांना मराठी येत नाहीं; कांहीं मोडक्या इंग्रजींत, कांहीं संस्कृतांत आमचें संभाषण झालें. ही चाल या मुलांना तुम्हीं लावून दिली काय, असें विचारतांच मामी मनापासून हंसल्या. "मीं नव्हे," त्या म्हणाल्या, "दीक्षितांनीं." मुथुस्वामी दीक्षित हें नांव ज्या माणसास केवळ ऐकून ठाऊक आहे त्याच्या पायांखालची जमीन अशा वेळीं कशी सरकते, हें सांगून कळण्यासारखें नाहीं. देववाणीची जी विटंबना म्हणून आम्हीं एका मुलीस गप्प बसविलें, ती गोष्ट दक्षिणेंतील संगीताच्या त्रिमूर्तींपैकीं एकानें दोनशें वर्षांपूर्वीं आपण होऊन केली होती.

त्या दिवसापासून हा विषय आम्हीं धरला तो सुटला नाहीं. वाचकांपुढें ठेवण्यासारखें त्यांत पुष्कळ आहे.

मुथुस्वामी दीक्षितांचा जन्म अठराव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत तिरुवारूर येथें झाला. वडील रामस्वामी दीक्षित हे स्वतः मोठे वाग्गेयकार. 'हंसध्वनि' रागाचें जनकत्व परंपरा त्यांच्याकडे देते. मद्रासेजवळ मणली म्हणून गांव आहे, तेथील मुदलियार घराण्यानें या कुटुंबास आश्रय दिला. हे मुदलियार कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांचे दुभाषी. त्यामुळें सेंट जॉर्ज किल्ल्यांतील गोऱ्या शिपायांचा बँड ऐकण्याचा प्रसंग दीक्षित बंधूंना वारंवार येई. त्या बँडवर इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील लोकांच्या नाचाच्या, कवाइतीच्या आणि पेयगोष्टींच्या चाली वाजत. वेदशास्त्रसंपन्न, श्रीविद्येचा उपासक असा एक तरुण ब्राह्मण त्या किल्ल्याच्या परिसरांत तो बाजा ऐकत उभा आहे, हें चित्र डोळ्यांपुढें आणून पाहावें. त्याला कानांवर हात ठेवून निघून जातां आलें असतें. त्याला दुसऱ्या टोकास जाऊन साहेबाच्या चालींत साहेबाची स्तुतीहि करतां आली असती. त्या काळीं तसें करणारांना बक्षिसें मिळत. त्यानें यांतील एकहि केलें नाहीं. तो लक्ष देऊन ऐकत राहिला, आणि त्या चालींवर आपल्या देवतांचीं संस्कृत स्तवनें रचूं लागला. अशीं सुमारें ४० स्तवनें आज उपलब्ध आहेत. 'नोट' या इंग्रजी शब्दावरून त्यांना 'नोट्टुस्वर' असें मौजेचें नांव पडलें. मद्रासेच्या चिन्नस्वामी मुदलियारांनीं १८९३ च्या सुमारास आपल्या संगीताचें युरोपीय पद्धतीनें स्वरलेखन करण्याचा जो खटाटोप केला, त्यांतहि हीं रचना आहेत. म्हणजे चाल विलायतेहून आली, संस्कृत नेसली, आणि पुन्हां विलायती लिपींत जाऊन बसली.

या रचनांतील सर्वांत कौतुकाची म्हणजे 'सन्ततं पाहि माम्' ही. तिची चाल कोणती म्हणाल तर इंग्रजांच्या राष्ट्रगीताची, राजाला देवानें दीर्घायुष्य द्यावें अशी प्रार्थना ज्यांत आहे त्याची! किल्ल्यांतील शिपाई ज्या स्वरांवर ताठ उभे राहून राजाचें अभीष्ट चिंतीत, त्याच स्वरांवर दीक्षितांनीं जगदंबेची प्रार्थना बसविली. यांत कोणी राजकारण शोधील. आम्ही शोधीत नाहीं. दीक्षितांना त्या चालीचें गांभीर्य आवडलें, आणि गांभीर्य जेथें अर्पण करावयाचें तेथें त्यांनीं अर्पण केलें, एवढेंच आम्हांस दिसतें. जाणूनबुजून खट्याळपणा केला असेल तर तोहि आम्हांला प्रिय आहे.

आतां चांदणीच्या चालीकडे वळूं. आम्हीं ती 'इंग्रजी' म्हणून धिक्कारली होती. ती मुळांत इंग्रजी नाहींच. ती फ्रान्सांतली, १७६१ मध्यें ती तेथें छापली गेल्याचें आढळतें. पुढें तिजवर जे फ्रेंच शब्द बसले त्यांत एक तरुणी आपलें प्रेमाचें गुपित आईला सांगते. मोझार्टनें १७८० नंतरच्या थोड्याच वर्षांत त्या चालीचीं पियानोवर बारा रूपें रचलीं. चांदणीची इंग्रजी कविता जेन टेलर या बाईंची; ती प्रसिद्ध झाली १८०६ मध्यें, आणि त्या कवितेला ही चाल जोडून छापली गेली ती १८३८ मध्यें. दीक्षित तर १८३५ च्या दिवाळींत एट्टयपुरम् येथें निवर्तले. म्हणजे चांदणीचें गाणें आणि ही चाल छापील पुस्तकांत एकत्र येण्यापूर्वींच दक्षिणेंत मीनाक्षी त्या चालीवर विराजमान झाली होती! इंग्रज बालकांनीं ती फ्रेंचांपासून घेतली, आमच्या आचार्यांनीं ती बँडवाल्यांकडून घेतली. दोघेहि सारखेच ऋणको. आमच्या त्या विद्यार्थिनीनें चोरी केली म्हणावी, तर चोरांची ही रांग बरीच लांब आहे.

परंतु येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्याजोगी आहे. या रचना करतांना दीक्षितांनीं काय घेतलें आणि काय घेतलें नाहीं? चाल त्यांनीं जशीच्या तशी घेतली. आपल्याकडील गायनाचा प्राण जें गमक, स्वराला दिलेला तो आंदोलनाचा स्पर्श, तो त्यांनीं तिच्यांत घातला नाहीं. सर्व रचना शंकराभरणाच्या, म्हणजे आपल्या बिलावलाच्या, सरळ सप्तकांत आहेत. एक स्वर, एक अक्षर, असा साधा हिशेब. परक्या चालीला आपले दागिने घालून तिला आपलीशी दाखविण्याचा मोह त्यांनीं आवरला. मात्र शब्दांच्या बाबतींत त्यांनीं तसूभरहि सवलत घेतली नाहीं. प्रास आहेत, क्षेत्रदेवतांचीं नांवें आहेत, आणि कित्येकांत त्यांची 'गुरुगुह' ही मुद्राहि आहे. ज्यानें संस्कृत पद्य लिहिण्याचा यत्न केला असेल त्यालाच यांतील कष्ट कळतील. आपल्या वृत्तांत लघुगुरूंचा क्रम आधींच ठरलेला असतो, आणि कवि त्या वाटेनें चालतो. येथें वाट परक्यानें आंखलेली. सा सा प प ध ध प, यांत सहा स्वर आंखूड आणि सातवा लांब; आंखूड जागीं दीर्घ अक्षर पडलें कीं जीभ अडखळते, आणि लांब जागीं ऱ्हस्व आलें कीं पोकळी वाटते. अशा चौकटींत व्याकरण न मोडतां भक्ति उभी करणें हें सोपें काम नव्हे.

एवढें सांगितल्यावर प्रामाणिकपणें हेंहि म्हटलें पाहिजे कीं, नोट्टुस्वर हें दीक्षितांचें मोठें काम नव्हे. कमलांबेच्या नवावरण कृति ज्यानें रचल्या, त्याचीं हीं बाललेणीं होत, आणि आज तीं विशेषेंकरून लहान मुलांनाच शिकवितात. परक्या संगीतापासून त्यांना जें खरें खोल मिळालें तें दुसरीकडे, आणि त्यासाठीं त्यांना सातासमुद्रांपलीकडचा बँड लागला नाहीं. तरुणपणीं ते चिदंबरनाथ योग्यांबरोबर काशीस गेले व तेथें कांहीं वर्षें राहिले. उत्तरेकडील ध्रुपदाची संथ, भारदस्त चाल त्यांच्या कानीं पडली ती तेथें. पुढें द्विजावंती, हमीरकल्याणी, यमुनाकल्याणी अशा रागांत त्यांनीं ज्या कृति केल्या, त्या ऐकतांना आपल्याकडील जयजयवंतीचा, केदाराचा, यमनकल्याणाचा भास होऊन मराठी श्रोता चमकतो. आणि तरी त्या कृति अस्सल दाक्षिणात्यच आहेत. येथें चाल उचललेली नाहीं. चालण्याची ढब रक्तांत मुरलेली आहे. बँडच्या चाली त्यांनीं पाहुण्यासारख्या वागविल्या. ध्रुपदाला मात्र घरांत घेतलें. दोन्हीहि आतिथ्यच, पण पाहुणा आणि घरचा यांतील भेद त्यांना ठाऊक होता.

त्यांचे धाकटे बंधु बालुस्वामी दीक्षित यांनीं तर तिसराच मार्ग धरला. मुदलियारांनीं एका युरोपीय वादकाकडून त्यांना फिडल शिकविण्याची व्यवस्था केली. सुमारें तीन वर्षें ते शिकले. मग त्यांनीं साहेबाच्या चाली बाजूस ठेवल्या, आणि तें वाद्य तेवढें घेऊन आपल्या गायनाच्या साथीस बसले. बसले हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतों. साहेब उभा राहून किंवा खुर्चीवर बसून, वाद्य हनुवटीखालीं धरून वाजवितो. आमचा वादक मांडी घालून जमिनीवर बसला, वाद्याचें डोकें पायाच्या घोट्यावर टेकलें, दुसरें टोक छातीशीं घेतलें. तेव्हां डावा हात मोकळा झाला, आणि हात मोकळा होतांच बोटें तारेवर घसरूं लागलीं, गमकें बोलूं लागलीं. एवढ्या एका बैठकीच्या फरकानें परकें वाद्य आपलें झालें. आज व्हायोलिनवांचून कर्नाटकी मैफल कल्पनेंतहि येत नाहीं. त्रावणकोरचे स्वाति तिरुनाळ महाराज यांनीं १८३४ मध्यें वडिवेलु या वादकास हस्तिदंती व्हायोलिन बहाल केलें. हा वडिवेलु मुथुस्वामी दीक्षितांचा शिष्य, आणि तंजावरचा.

तंजावर म्हटल्यावर मराठी वाचकास स्वस्थ बसवणार नाहीं. मैलापुराहून आम्ही तेथें मुद्दाम गेलों. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुलाचा वृत्तांत मराठींत कोरलेला आहे. १८०३ चा तो लेख वाचीत भिंतीच्या कडेनें चालावें तों मान दुखूं लागते, पण लेख संपत नाहीं. तो कोरविणारे दुसरे सरफोजी महाराज हे या आमच्या कथेंत शोभण्यासारखे पुरुष. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखालीं शिकलेले, सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह ज्यांनीं नांवारूपास आणला ते हेच. त्यांच्या दरबारांत विलायती वाद्यांचा बँड होता. त्यांच्याच दरबारीं वडिवेलु व त्याचे तिघे बंधु भरतनाट्याचे पाठ बांधीत होते. 'कुरवंजि' हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यांत वनवासी भविष्यवादिनी येऊन नायिकेचें भाकीत सांगते. महाराजांनीं हा तमिळ सांचा घेतला, भाषा मराठी घेतली, आणि त्यांत विषय घातला पृथ्वीच्या भूगोलाचा! 'देवेंद्र कुरवंजि' असें त्याचें नांव. भूगोल शिकवितांना मुलांना जांभया येतात हें आम्हीं आयुष्यभर पाहिलें. नृत्यांतून खंडें व देश शिकवावे हें आम्हांला सुचलें नाहीं.

आणि हा व्यवहार एकेरी नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोरगांवकर रामचंद्रबोवांसारखे मराठी हरिदास तंजावरास कीर्तनें करूं लागले. तमिळ श्रोत्यांस मराठी कितीसें कळत असेल? परंतु साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चालींनीं त्यांना असें कांहीं वेधलें कीं, तंजावर कृष्ण भागवतरांनीं त्या सर्व चाली उचलून तमिळ हरिकथेंत बसविल्या. आजहि तिकडील हरिकथेंत भागवतर साकी व दिंडी हीं नांवें घेऊनच त्या चाली गातात. आमच्या आजीच्या तोंडची साकी परक्या भाषेंत ऐकून अंगावर काय कांटा आला! त्या क्षणीं कोणी म्हणालें असतें कीं तुमची चाल यांनीं बाटविली, तर आम्हीं त्याला वेड्यांत काढलें असतें. परंतु आपली चाल दुसऱ्यानें घेतली तर अभिमान, आणि दुसऱ्याची आपण घेतली तर विटंबना, हा कोणता न्याय?

भाषा न कळतां गाणें ऐकावें काय, हा प्रश्न आमचा नातू आम्हांला विचारतो, कारण तो कोरियन गाणीं ऐकतो आणि त्याची आई रागावते. मैलापुरांत या प्रश्नाचें उत्तर रोज संध्याकाळीं मिळे. गायक तमिळ, श्रोते तमिळ, आणि गाणें त्यागराजांचें तेलुगु. पुष्कळांना त्यांतला शब्दार्थ पुरता लागत नसे, पण डोळे पाणावलेले असत. याविरुद्ध तक्रार झाली नाहीं असें नाहीं. आपल्या भाषेंतील गाण्यांना सभेंत मान मिळावा म्हणून तमिळांनीं चळवळ केली, आणि १९४३ मध्यें मद्रासेस तमिळ इसै संगम् स्थापन झाला. ती तक्रार आम्हांला रास्त वाटते. परक्याचें ऐकतांना घरचें उपाशी राहूं नये. पण त्या चळवळीनेंहि त्यागराज बंद पाडले नाहींत. तमिळ पदांना सभेंत अधिक जागा मिळाली, एवढेंच. नातवास आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, ऐक. पण ऐकतांना दुसरें काम करूं नकोस, आणि आवडलेल्या एका गाण्याचा अर्थ शोधून आम्हांलाहि सांग. अद्याप सांगितलेला नाहीं.

शुद्धतेचा आग्रह आम्हांला पाठशाळेनें दिला, म्हणून पाठशाळेच्याच ग्रंथाकडे जाऊं. 'संगीतरत्नाकर' हा आपल्या संगीतशास्त्राचा आधारस्तंभ. तो तेराव्या शतकांत देवगिरीस, सिंघण यादवाच्या आश्रयानें रचला गेला. म्हणजे हा ग्रंथ महाराष्ट्रभूमीवरचा. ग्रंथकार शार्ङ्गदेव यांचे आजोबा काश्मीरांतून दक्षिणेंत आलेले. या ग्रंथांतील रागांच्या यादींत देशादेशांचीं नांवें धारण करणारे राग पुष्कळ आहेत, आणि त्यांत 'तुरुष्कतोडी' व 'तुरुष्कगौड' हींहि आहेत! अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली ती १२९६ मध्यें. तुर्कांचें सैन्य येण्यापूर्वींच त्यांचे सूर आमच्या शास्त्रांत नोंदले गेले होते. शार्ङ्गदेवानें तीं नांवें झांकलीं नाहींत, कीं बदलून सात्त्विक केलीं नाहींत. जेथून आलें तेथलें नांव ठेवून त्यानें तें यादींत लिहिलें. नोकरींत असतांना हा भाग आमच्या वाचनांत आला नव्हता असें नाहीं. आम्हीं त्या नांवांवरून दृष्टि फिरविली होती, एवढेंच.

हाच सरळपणा आपल्या जुन्या नाटकांच्या छापील पुस्तकांत दिसतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलें. अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुर्लहोसूरचे, कानडी मुलखांत वाढलेले. कानडी पदांच्या चाली त्यांच्या कानांत लहानपणापासून. पुढें श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'वीरतनया'पासून पारशी व उर्दू रंगभूमीच्या चाली आणल्या, तेव्हां जुन्या रसिकांनीं नाकें मुरडलीं. 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनीं आणि 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनीं उत्तरेकडील ठुमरी-कजरीचा रस ओतला, तेव्हां त्यांचेच पुत्र डोलूं लागले. पण सर्व पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश प्रामाणिकपणें छापलेला असे. आमच्या घरीं अशीं तीन जीर्ण पुस्तकें आहेत. लहानपणीं आम्ही पदें वाचीत असूं. आतां त्या बारीक टायपांतील चालींच्या ओळी वाचतों.

मिरजेचे अब्दुल करीम खांसाहेब म्हैसूरकडे गेले, तेव्हां तेथील गायन ऐकून त्यांनीं नुसती मान डोलविली नाहीं. ते त्यागराजांची कृति शिकले, आणि तिची ध्वनिमुद्रिका दिली. तिकडे हंसध्वनि राग, रामस्वामी दीक्षितांच्या घरचा, मुंबईस भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खांसाहेबांनीं उचलला. मुथुस्वामींच्या 'वातापि गणपतिम्' या कृतीवरून त्यांनीं हिंदी बंदिश बांधली, आणि आज आमच्या मैफलींतून हंसध्वनि इतका रुळला आहे कीं तो दाक्षिणात्य आहे हें श्रोत्यांस सांगावें लागतें. बंगाल्यांत रवींद्रनाथ विलायतेहून परतले आणि १८८१ च्या 'वाल्मीकिप्रतिभें'त त्यांनीं आयरिश चाली वाल्मीकीच्या कथेस लावल्या. असें कितीहि सांगतां येईल.

मग गणेशोत्सवांत ध्वनिक्षेपकावरून चित्रपटगीतांच्या चालींवर ज्या आरत्या कर्कशतात, त्याहि गोड मानून घ्याव्या काय, असें वाचक विचारतील. आमच्यानें तें होत नाहीं. तेथें चाल कोणी ऐकलेलीच नसते. तिची प्रसिद्धि तेवढी उसनी घेतलेली असते. शब्दाला कोठेंहि ओढावें, ऱ्हस्वाचें दीर्घ करावें, आणि गणपतीचें नांव येतांच श्रोत्याच्या डोळ्यांपुढें नटी नाचावी! हा आमचा म्हातारपणचा हेका असेल. पण चालीवरील प्रेम आणि चालीचा उपयोग या दोन गोष्टी कानाला वेगळ्या कळतात, असें आम्हांस वाटतें. पेटीचेंच पाहा. १९४० मध्यें आकाशवाणीनें परकें वाद्य म्हणून हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. स्वर स्थिर असल्यानें ती आपल्या गायनाला पुरी पडत नाहीं हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा होता. पण त्या तीस वर्षांत खेड्यापाड्यांतील कीर्तनकारांनीं पेटी सोडली नाहीं, आणि आमच्या वडिलांची पेटी मधल्या घरांत तशीच वाजत राहिली. फ्रान्सांत घडलेलें तें यंत्र परकें आहे हें त्यांना कोणी सांगितलें असतें तर त्यांनीं एक अभंग वाजवून दाखविला असता.

मैलापुराहून परत आल्यावर त्या विद्यार्थिनीस पत्र लिहावें असें मनांत होतें. लिहावयास चार वर्षें गेलीं. क्षमा मागण्याची संवय मास्तरांना नसते. ती आतां नाशिकाकडे असते, तिची मुलगी आठवींत आहे. पत्रांत आम्हीं दीक्षितांची सर्व हकीकत लिहिली, 'श्यामळे मीनाक्षि'चें स्वरलेखन मामींकडून मागवून सोबत जोडलें, आणि शेवटीं त्या दिवसाबद्दल दोन ओळी लिहिल्या.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. वही तिच्यापाशीं अजून आहे. तिनें लिहिलें: "सर, तुम्हीं केलेली दुरुस्ति बरोबर होती, पण त्या दिवशीं मी अडखळलें ती त्या दुरुस्तीमुळेंच. चालींत त्या जागीं ऱ्हस्व हवें. विशेषण स्त्रीलिंगी केलें आणि शेवटचें अक्षर दीर्घ झालें. तें कसें बसवावें हेंच तुम्हांला विचारणार होतें."

पत्र हातांत घेऊन आम्हीं ती चाल चारपांच वेळां म्हणून पाहिली. तिचें म्हणणें खरें होतें. आकारान्त स्त्रीलिंगी शब्द संबोधनांतहि दीर्घच राहतो. ईकारान्त मात्र संबोधनांत ऱ्हस्व होतो, जसें 'मीनाक्षि'. दीक्षितांनीं ही सोय नांवांतच करून ठेवली आहे, आणि आम्हीं हा नियम पस्तीस वर्षें फळ्यावर लिहिला आहे. तेव्हां तिला हवें तें विशेषण ईकारान्त पाहिजे. कोश काढून दोन दिवस बसलों. दोन विशेषणें सांपडलीं, तीं कार्डावर लिहून तिला धाडलीं आहेत. त्यांतील कोणतें बसतें तें ती मुलीकडून गाऊन घेऊन कळविणार आहे.